दुधी काटा

पाच वाजलेत. व्हिसोचिनाच्या पठारावर
उजाडायचं नाव नाही अजून,
आणि आमच्या स्वयंपाकघरात
कॉफीची चक्की घरघरते आहे.
आई दुधी काट्याचं बी दळते,
काळसर, गव्हाएवढं, तुळतुळीत.
कडवट तेलकट वास सुटतो
नि पडद्यांत जाऊन बसतो दिवसभर.

एक चमचा. दह्यावर. बाबांसाठी.

बाबा एकतीस वर्षं बीअरच्या कारखान्यात, तळघरात.
पगारासोबत बाटल्या मिळायच्या
आणि बाबा काही वाया घालवणारे नव्हेत.

मी गावाबाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये
कॅप्सूल भरणाऱ्या यंत्रावर बसते.
अर्काची टक्केवारी मला पाठ आहे,
डबीवर तळाशी काय छापतात तेही:
आहारपूरक. औषध नव्हे.
आईच्या चष्म्याला ती अक्षरं पोचत नाहीत.
मी कधी वाचून दाखवली नाहीत.

डॉक्टर हाव्रानकोवा म्हणाली,
"अपाय बहुधा नाही.
उपायाचं मात्र छातीला हात लावून नाही सांगणार."
जिन्यात आई मला कोपरानं ढोसत म्हणाली,
"बघ, नको नाही म्हणाली."

शेजारची लिबुशे सांगते,
पळून जाताना मेरीला वाटेत पान्हा फुटला,
पानांवर सांडला,
म्हणून त्यांच्या शिरा अजून पांढऱ्या.
"आणि काटे?" मी विचारलं.
"बाई, आई होती ना ती."

जानेवारीत चक्की जळाली.
मग आई रात्री बी भिजत घालू लागली, अख्खंच.
"नीट चावून खा हं, व्लास्तिमिल."
बाबा मान हलवायचे.
त्यांच्या मान हलवण्यावर
चाळीस वर्षांचा संसार उभा आहे.

मे महिन्यात खिडकीखाली रोपं आली.
एक नाही, दोन नाही, दाटीवाटीनं,
रुंद पानं, चकचकीत,
वरून कुणी दूध लवंडल्यासारखी.
आई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.
मी दुपारची पाळी बदलून घेतली,
म्हटलं, आज घरात कुणीतरी असलेलं बरं.

पण ती काही बोलली नाही.
तो दिवस नाही, पुढचाही नाही.

गुरुवारी रिपोर्ट आला.
आकडे उतरले होते, निम्म्याच्याही खाली.
"जे काय घेताय," डॉक्टर म्हणाली, "ते सोडू नका."
बाबा हातातली टोपी गोल गोल फिरवत बसले.

गाडीत, रेल्वे फाटकाशी, बाबा म्हणाले,
"मी घेतच नव्हतो."
"ठाऊक आहे. खिडकीखाली उगवलंय."
"पहिल्या दिवसापासून नाही घेतलं."
"बरं."
मालगाडी जात होती, लाकडाचे ओंडके, डब्यामागून डबा.
"दुसरंही तिथेच ओतायचो.
संध्याकाळची बाटली. ऑक्टोबरपासून."
आईनं मान वळवली नाही.
"का?"
"तू पाचला उठायचीस."

यकृत कुठे असतं ते मला तक्त्यावर दाखवता येतं:
उजवीकडे, बरगड्यांच्या आड, दीडेक किलो.
काळीज कुठे, ते मागच्या सीटवर बसून
त्या दिवशी मला सांगता आलं नसतं.
फाटक उघडलं. मागचा हॉर्न वाजवत होता.

ऑगस्टमध्ये जांभळी बोंडं वाळली.
बाबांनी वेल्डिंगचे हातमोजे घालून कापली,
तरी मनगटावर ओरखडे.
सव्वा किलो बी निघालं.
बीअरवर वाढलेलं, बाबा म्हणाले,
आणि आई हसली, खूप दिवसांनी, दात दिसतील अशी.

नवी चक्की आली आहे.
बाबा आता खातात, तोंड वेडंवाकडं करत,
दह्याला नावं ठेवत.
गुण येतो का?
मला विचारू नका, मी डब्या भरते.

एवढंच की हल्ली चक्कीचा आवाज
साडेपाचला येतो.
अर्धा तास आई जास्त झोपते.
रिपोर्ट येईपर्यंत
मी त्यावरच हिशेब धरते.